हजेरीपटाबाहेरची भीती

शाळेत न जाण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. शाळा बुडवतात, चुकवतात, शाळेला दांडी मारतात. आणि असे करणाऱ्याला शाळाचोर म्हणतात. या सर्व शब्दांच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते म्हणजे मुलाला जाता येते, पण जायचे नसते. बुडवणारा दप्तर घेऊन घरातून निघतो आणि नदीवर, मैदानावर किंवा सिनेमाला पोहोचतो. घरच्यांना पत्ता नसतो. याहून निराळे असे एक मूल असते. ते घरातच, सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. रविवारी संध्याकाळपासून ते गप्प होते. सोमवारी पोटात कळा येतात, उलटी होते, गणवेशाची बटणे लावताना हात थरथरतात. शाळेची वेळ टळली की तासाभरात दुखणे ओसरते, आणि हे ओसरणेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. 'सगळे नाटक होते', असा निकाल घरचे देतात, शाळाही देते.

अमेरिकेतील ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली या अवस्थेसाठी 'स्कूल फोबिया' ही संज्ञा वापरली. भीतीचे कारण प्रत्येक वेळी शाळेतच असते असे नाही. कधी ते वर्गातल्या छळात असते, कधी फळ्यापुढे उभे राहण्यात, तर कधी आईला मागे सोडून जाण्यात. यंत्रणा मात्र बहुधा सारखीच असते. घरी राहिल्याने सुटका होते, सुटकेने बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यानेच दुसऱ्या दिवशीचा उंबरठा अधिक उंच होतो. म्हणूनच आपल्याकडचे दोन्ही रूढ उपाय फसतात. फरफटत नेल्याने भीतीला नवे कारण मिळते. 'बरे वाटले की जा' म्हटल्याने ते बरे वाटणे कधी येतच नाही. शिकवणीचे मास्तर घरी बोलावले, तर अभ्यास होतो, पण शाळा आणखी दूर जाते.

हवी असते ती पायरीपायरीने परत येण्याची सोय: आधी फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात अर्धा तास, मग आवडीच्या विषयाचा एक तास. यात समुपदेशकाचे काम आहेच, पण ते एकट्याचे नव्हे. अर्ध्या तासासाठी आलेल्या मुलाला 'आज उगवलास का?' असे न विचारणारे शिक्षक त्याहून महत्त्वाचे. जपानमध्ये काही मुले वर्गात न जाता केवळ शाळेच्या आरोग्य कक्षात येऊन बसतात. या येण्याला तेथे स्वतंत्र नाव आहे. वर्षात तीस वा अधिक दिवस शाळेत न येणाऱ्या मुलांची (आजारपण वा गरिबीमुळे न येणारी वगळून) तेथे वेगळी गणना होते. २०२३ च्या शालेय वर्षात प्राथमिक व माध्यमिक मिळून ती ३,४६,४८२ भरली. अशा मुलांच्या शिक्षणासाठी २०१६ साली कायदा झाला, आणि त्यांच्यासाठी लवचीक अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. तरीही आकडा वाढतोच आहे, तेव्हा जपानला उत्तर सापडले असे म्हणवत नाही. पण निदान मोजले तरी जाते.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर 'शाळाबाह्य' मुलांचे सर्वेक्षण होते. त्यात वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला गेलेले मूल शोधले जाते, आणि ते शोधलेच पाहिजे. चिंतेने घरात अडकलेल्या मुलाचे नाव मात्र शाळेच्या पटावर असते, फी भरलेली असते, म्हणून त्याच्याकडे कोणी शाळाबाह्य म्हणून पाहत नाही. पुढे मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीची अट त्याच्या आड येते.

अशी सवलत दिली तर सगळेच आजारी पडतील, हा आक्षेप मुख्याध्यापकांच्या तोंडी हमखास असतो. तो मला प्रामाणिक वाटत नाही. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत नाव एका महाविद्यालयात आणि विद्यार्थी दिवसभर खासगी क्लासमध्ये, हा प्रकार आपण वर्षानुवर्षे राजरोस चालवला आहे. इतका, की २०१८ साली राज्य सरकारला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. म्हणजे हजेरी लवचीक होऊ शकते. प्रवेशपरीक्षेतील यशासाठी ती वाकते. भ्यालेल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी मात्र नियम आठवतात.

अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना एकेकाळी सरसकट 'ढ' म्हटले जाई. आज त्यांना तपासणी, प्रमाणपत्र, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. हे आपोआप घडले नाही. पालक, डॉक्टर आणि काही शिक्षक मंडळाच्या पाठीस लागले, तेव्हा घडले. चिंताग्रस्त मुलांसाठी तसा पाठपुरावा करणारे फारसे दिसत नाहीत, कारण त्यांचे पालक लाजेने गप्प असतात. नातेवाइकांना 'कावीळ झाली आहे' असे सांगितले जाते. शाळेकडून दोन-तीन पत्रे येतात, मग दाखला काढून नेण्याची सूचना येते. बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरला जातो. आणि पटावरचे नाव कमी झाल्यावर त्या वर्गाची उपस्थिती मात्र सुधारलेली दिसते.