शेवटचा आकडा आधी झाका

गाडीच्या इन्शुरन्सची तारीख जवळ आली की फोन सुरू होतात. कोणी म्हणतं दहा हजारांत देतो, कोणी म्हणतं सातच्या आत बसवतो. आपण आकडे कागदावर उतरवतो, सगळ्यात लहान आकड्याला गोल करतो आणि पैसे भरून मोकळे होतो. माझी कळकळीची विनंती आहे, या वर्षी असं करू नका. कोटेशन हातात आलं की शेवटच्या आकड्यावर तळहात ठेवा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी तीन कोटेशनं घेऊन आल्या. साडेचार वर्षांची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी. एक कोटेशन १०,९०० रुपयांचं, दुसरं ८,१५० चं, तिसरं ६,९९० चं. वहिनींचं मन तिसऱ्यावर बसलं होतं. आम्ही तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

एक ओळ तिन्हीकडे अगदी सारखी होती: थर्ड पार्टी, ३,४१६ रुपये. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा हा भाग मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४, हजार ते पंधराशेला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. कुठलीही कंपनी स्वतःच्या मर्जीनं यात सूट देऊ शकत नाही. म्हणजे कागदांमधला सगळा फरक आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला ओन डॅमेज म्हणतात त्यातच आहे. तुलना करायची ती तेवढ्याचीच.

तिसरं कोटेशन इतकं स्वस्त का, हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणारी सूट, ४५ टक्के लावला होता. सलग चार वर्षं क्लेम न घेणाऱ्याला तो मिळतो: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मी विचारलं, ‘‘वहिनी, मागच्या वर्षी दाराचं काम केलंत ना?’’ पार्किंगमधल्या खांबाला दार घासलं होतं आणि त्याचा क्लेम घेतला होता. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो. फोनवरच्या मुलानं विचारलंच नव्हतं, वहिनींनी सांगितलंही नव्हतं. बोनस काढून हिशेब केला तर ६,९९० चे सुमारे ९,४०० झाले.

याला छोटी चूक समजू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते आणि खोटा बोनस पुढच्या क्लेमच्या वेळी उघडा पडतो. तेव्हा गाडी गॅरेजमध्ये उभी असते, बिल तयार असतं आणि क्लेम अडतो. बोनस खरा असेल तर मात्र तो हक्कानं मागून घ्या. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली किंवा गाडी बदलली तरी सोबत येतो. फक्त पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नवी घेतली नाही तर तो बुडतो.

मग आयडीव्ही पाहिली. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. चार ते पाच वर्षांच्या गाडीला उत्पादक कंपनीच्या छापील किमतीतून ५० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. वहिनींच्या गाडीची किंमत आठ लाख, म्हणून चार लाख रास्त. पहिल्या कागदावर तेवढीच होती, तिसऱ्यावर ३,३०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. म्हणजे कमी आयडीव्हीची गाडी लवकर बाद ठरते आणि हातात पैसेही कमी येतात. फोनवर ‘‘आयडीव्ही थोडी खाली घेऊ का, प्रीमियम कमी होईल,’’ असं कोणी विचारलं तर स्पष्ट नको म्हणा.

दुसऱ्या कोटेशनची गोम वेगळी. तिथे स्वेच्छेची वजावट ५,००० रुपये घातली होती. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये आपल्याला सोसावेच लागतात. त्यावर हे पाच, म्हणजे सहा हजारांपर्यंतचं काम खिशातूनच. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते त्यानं ही वजावट खुशाल घ्यावी. वहिनी रोज मुलांना शाळेत सोडतात.

महाग कोटेशनमध्ये झिरो डेप होतं, म्हणजे दुरुस्तीच्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर. साध्या पॉलिसीत बंपर, हेडलाइटसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. पत्र्यालाही गाडीच्या वयाप्रमाणे कात्री लागते, चार वर्षांवरच्या गाडीला ३५ टक्के. समोरून ठोकर बसली आणि बंपर बारा हजारांचा निघाला तर त्यातले सहा हजार आपले. बोनस दुरुस्त केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनमध्ये फरक उरला पंधराशे रुपयांचा. एका बंपरमध्ये तो चार वेळा वसूल. फक्त वर्षातून किती वेळा झिरो डेप वापरता येतं, हे आधी विचारा. बऱ्याच पॉलिसींत दोनदाच.

आता एक गोष्ट जरा तळमळीनं सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या मामाची गाडी अंगणात स्टीअरिंगपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मामानं, चालू होते का बघावं म्हणून, चावी फिरवली. इंजिनात पाणी होतं. कनेक्टिंग रॉड वाकले. सर्व्हेअर आला, सीट, वायरिंग, साफसफाई सगळं मंजूर झालं. इंजिन नाही. पुरानं झालेलं नुकसान विम्यात बसतं, पण पाणी असताना गाडी चालू केल्यानं झालेलं नुकसान पुराचं न धरता मागाहून ओढवलेलं धरतात, आणि ते साध्या पॉलिसीत नसतं. मामाला इंजिनाचं सगळं काम पदरचे पैसे घालून करावं लागलं.

म्हणून कोकणात, मुंबई-ठाण्यात, सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शन घ्याच आणि सगळ्या कंपन्यांकडून ते धरूनच कोटेशन मागा. ज्यांच्या गावात पाणी तुंबत नाही त्यांनी ते सोडलं तरी चालेल. आणि कव्हर असो वा नसो, बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. टो करून गॅरेजला न्या. बाकी चावी हरवली, टायर फुटला असली कव्हरं मला पैशांची उधळण वाटतात.

नव्या गाडीला शोरूमवाले ‘‘इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल’’ म्हणतात. तशी सक्ती त्यांना करता येत नाही. त्यांचं कोटेशन घ्या आणि बाहेरच्या दोन कोटेशनांशेजारी ठेवून पाहा. कॅशलेस गॅरेजांची यादीही मागा. तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचं एकही गॅरेज नसेल तर स्वस्त प्रीमियमचा उपयोग काय?

मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर एका माणसाला एकदाच पुरतं. वहिनींच्या स्कूटरच्या पॉलिसीत ते होतं, म्हणून तिन्ही कोटेशनांमधून वगळलं होतं. तुमच्या दोन गाड्या असतील तर दोनदा भरत नाही ना, पाहून घ्या.

हे सगळं तारीख उलटायच्या तीन आठवडे आधी सुरू करा. पॉलिसी एक दिवस जरी खंडित झाली तरी त्या दिवशीचा अपघात तुमचा. शिवाय विनाविमा गाडी पकडली गेली तर पहिल्याच वेळी दोन हजारांचा दंड होतो आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे.

वहिनींनी शेवटी १०,९०० वाली पॉलिसी घेतली. पॉलिसी मेलवर आल्यावर आम्ही आरसी बुक शेजारी धरून गाडीचा नंबर, चेसिस नंबर, बोनस शून्य, झिरो डेपची ओळ, सगळं ताडून पाहिलं. एक चूक सापडलीच. गाडीला मागाहून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढवलं होतं, पॉलिसीत मात्र नुसतं ‘पेट्रोल’ होतं. त्याच दुपारी कंपनीला फोन केला, आणि दुरुस्त कागद हाती येईपर्यंत गाडी पार्किंगमधून हलवली नाही.