मासा मरण्याआधीची बातमी



नदीत मासे मरून तरंगू लागले, की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. मग सगळे म्हणतात, "पाणी दूषित झालं!" पण मेलेला मासा ही शेवटची बातमी असते. पहिली बातमी त्याआधीच माशाच्या रक्तात आणि यकृतात उमटलेली असते. ती कशी, ते आज पाहू या.

कुत्रा मागे लागला की तुमची छाती धडधडते ना? ते काम ॲड्रेनलिन या संप्रेरकाचं. पाण्यात विषारी द्रव्य मिसळलं की माशाच्या रक्तातही ॲड्रेनलिन उतरतं. त्यापाठोपाठ कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक येतं. रक्तातली साखर वाढते आणि पळायला ताकद मिळते. पण सगळं पाणीच खराब असेल तर बिचारा पळणार कुठे? धोका दिवसेंदिवस टळला नाही, तर हाच कॉर्टिसोल त्याची रोगाशी लढायची शक्ती कमी करतो.

काही कारखान्यांच्या सांडपाण्यात कॅडमियम, तांबे, पारा असे धातू असतात. ते शरीरात शिरले की यकृताच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन भराभर बनवू लागतात. नाव मोठं, पण काम सोपं! या प्रथिनात गंधक भरपूर असतं. ते धातूच्या अणूंना घट्ट धरून ठेवतं, म्हणजे ते मोकाट सुटत नाहीत. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून ते प्रथम वेगळं काढलं. पुढे मासे, खेकडे आणि शिंपले यांच्यातही तशी प्रथिनं सापडली.

तिसरा शत्रू घरातलाच! प्रदूषणामुळे पेशींमध्ये ऑक्सिजनची उपद्रवी रूपं वाढतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यांतलंच एक. कॅटलेज नावाचं विकर (म्हणजे एन्झाइम) त्याचं पाणी आणि साधा ऑक्सिजन करून टाकतं.

करून पाहा : कॅटलेज तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. मोठ्या माणसाला सोबत घ्या. कच्च्या बटाट्याच्या कापावर औषधाच्या दुकानातल्या, जखम धुण्याच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. फसफसून फेस येईल. तो ऑक्सिजन! आता उकडलेल्या बटाट्यावर टाकून पाहा. फेस येणार नाही, कारण उष्णतेनं कॅटलेज निकामी झालं. हे पाणी डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, आणि तो बटाटा खाऊ नका.

तुम्ही म्हणाल, "मग काय, मासा वाचला की!" थांबा. ही प्रथिनं, ही विकरं फुकट बनत नाहीत. बाबांचा सगळा पगार औषधपाण्यात गेला, तर वह्या-पुस्तकं कुठून आणायची? तसंच माशाचं होतं. खाल्लेलं अन्न बचावातच खर्च होतं. मासा खुरटतो, अंडी कमी घालतो. एकही मासा मेलेला दिसत नाही, पण नदीतले मासे मात्र हळूहळू कमी होत जातात.

म्हणूनच शास्त्रज्ञ मासे मरायची वाट पाहत नाहीत. रक्त, यकृत, कल्ले तपासून ही प्रथिनं आणि विकरं किती वाढली ते मोजतात. पण पाणी तापलं तरी शरीरावर ताण येतो. त्यामुळे त्याच ऋतूत स्वच्छ पाण्यातले प्राणीही तपासून तुलना करावी लागते. समुद्रात तर शिंपलेच पहारेकरी! खडकाला चिकटलेला शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो, आणि त्यातली विषारी द्रव्यं त्याच्या मांसात साठत जातात. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग यांनी शिंपल्यांकडून असा पहारा करून घेण्याची कल्पना मांडली. १९८६ पासून अमेरिकेच्या किनाऱ्यावर तो पद्धतशीर सुरू झाला.

आपण काय करायचं? पुन्हा चार्ज होणाऱ्या काही जुन्या सेलांमध्ये कॅडमियम असतं. असे वापरलेले सेल नाल्यात भिरकावू नका. नाला नदीला मिळतो आणि नदीत कुणीतरी श्वास घेत असतं.

आता तुमच्यासाठी प्रश्न : पहारेकरी म्हणून शिंपलाच का निवडला? लांब लांब पोहणारा मासा का नाही? विचार करा. उत्तर वरच्या मजकुरातच दडलंय!