फ्यूज कुणी बांधायचा?

मैत्रिणींनो, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन ही यंत्रं ‘बायकांची’ मानली जातात. वापरायची आपण, पुसायची आपण, बिघडली की बोलणी खायची आपण. दुरुस्तीचं ज्ञान मात्र पुरुषाचं! ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. आयटीआयमधल्या एका अभ्यासक्रमाचं नावच ‘वायरमन’ आहे, यात सगळं आलं.

दिव्यात मी पाहते, पाणी भरून, डबे करून लोकल गाठणाऱ्या बाईचा मिक्सर सकाळीच बंद पडतो. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आतला प्रवाह तोडतं. प्लग काढायचा, मिक्सर थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं. बहुतेक वेळा काम होतं. आमच्या शेजारणीने एवढ्यासाठी दोनशे रुपये मोजले. तिच्या हातात ते बटण रोज होतं, पण ते काय करतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

विजेची वाट समजायला सोपी आहे. वीज फेजच्या तारेने येते, उपकरणातून जाते आणि न्यूट्रलच्या तारेने परत फिरते. हा फेरा कुठेही तुटला की उपकरण बंद. म्हणून शोध क्रमाने घ्यायचा. त्याच सॉकेटला दुसरं चालतं उपकरण लावून पाहा. तेही चालत नसेल तर दोष बोर्डात आहे. चालत असेल तर प्लग सैल आहे का, वायर प्लगपाशी पिचली आहे का ते बघा; मशीनवर संशय त्यानंतर. टेस्टर पेटला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. तो फक्त फेज दाखवतो, परतीची तार शाबूत आहे की नाही ते सांगत नाही.

हिशेबही साधा आहे. उपकरणावरच्या वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावला तर प्लग तापणार, वितळणार. आणि फ्यूज सारखा जातो म्हणून जाड तार बांधणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं. वितळणं हेच फ्यूजच्या तारेचं काम.

पण खरा प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. मशीनच्या पत्र्याला फेज चिकटली तर वीज त्या वाटेने जमिनीत जावी, आपल्या अंगातून नव्हे, यासाठी ती असते. भाड्याच्या अनेक खोल्यांत सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच नसते. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई सांगते, “मशीनला हात लावला की चुरचुरतं.” उत्तर मिळतं, “चप्पल घालून काम कर.” तिचं शरीर सांगतं ते खरं आहे, तो गळणारा प्रवाह आहे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नव्हे. घरमालकाकडे त्यांची मागणी करायला हवी, आणि ती करायला शब्द माहीत हवेत.

काही मैत्रिणी विचारतात, “आता दुरुस्तीही बाईच्याच माथी?” प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की काम कुणीही करो, दोष काय होता हे आपल्याला कळलं पाहिजे. कुठे थांबायचं हेही ज्ञानच आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्डाला हात नाही. मायक्रोवेव्ह तर उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

आणि हे बाईला जमत नाही, असं कोण म्हणतं? कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या, २००० मध्ये त्यांनी महिला विशेष लोकल चालवली. आपण मात्र अजून घरातल्या मेन स्विचला घाबरतो!

म्हणून माझी सूचना: प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एक तास यासाठी ठेवावा. एखादी जाणती वायरिंग करणारी बाई बोलवा, नसेल तर पुरुष चालेल. एक बंद इस्त्री, एक प्लग, एक स्क्रू ड्रायव्हर मध्ये ठेवा. प्लग प्रत्येकीने स्वतः उघडावा. आणि घरी जाऊन आपल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, हे तपासून घ्यावं.