यात्रेची वाट वादाबाहेर ठेवावी

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरच्या पेठापेठांतून आणि भोवतालच्या खेड्यांतून सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाण्याची लगबग सुरू होते. एस. टी.च्या गाड्या ठरवून, शिधा-सामान बरोबर घेऊन भाविक निघतात. कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल ओलांडला जातो आणि गाडी कर्नाटकात शिरते. राज्य बदलल्याची जाणीव त्यांना होते ती फार तर रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलल्यामुळे. उलट दिशेचा ओघही तितकाच जुना आहे. अंबाबाईच्या नवरात्रात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत, नृसिंहवाडीच्या दत्तस्थानी आणि बाहुबलीच्या जैन तीर्थावर कानडी बोलणारे भाविक दरवर्षी येतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नकाशावर रेषा पडली. परंतु ही पायवाट त्या रेषेहून कितीतरी जुनी आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये याच वाटेवर दगड पडले. सीमाप्रश्नावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषा तापलेली असताना ६ डिसेंबर रोजी बेळगावजवळील हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. इकडे पुण्यात कर्नाटकाच्या गाड्यांना काळे फासण्यात आले आणि उभय राज्यांतील बसवाहतुकीत खंड पडला. नेमक्या त्याच आठवड्यात मार्गशीर्ष पौर्णिमा होती. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव परिसरात बसवाहकाशी भाषेवरून झालेल्या वादाचे पर्यवसान मारहाणीत झाले, महाराष्ट्राच्या एस. टी. चालकालाही कर्नाटकात काळे फासले गेले, आणि पुन्हा गाड्या थांबल्या. दोन्ही वेळा भांडण भाषेचे, प्रदेशाचे किंवा राजकारणाचे होते; अडली ती मात्र सामान्य प्रवाशाची गाडी.

पर्यटनामुळे माणसे जवळ येतात आणि शांतता नांदते, असे नेहमी सांगितले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६७ हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ‘पर्यटन म्हणजे शांततेचा परवाना’ अशा आशयाचे घोषवाक्य स्वीकारले होते. ते ऐकायला गोड आहे; पण अनुभवाच्या कसोटीवर ते पूर्णपणे उतरत नाही. उत्तर कोरियातील कुमगांग पर्वताच्या सहली १९९८ साली दक्षिण कोरियाच्या नागरिकांसाठी सुरू झाल्या. दोन वैरी राष्ट्रांना जोडणारा हा दुवा मानला गेला. प्रत्यक्षात प्रवाशांनी कुंपणाच्या आतून फिरायचे आणि स्थानिक लोकांशी फारसा संबंध न येता परतायचे, अशी व्यवस्था होती. जुलै २००८ मध्ये एका प्रवासी महिलेवर सैनिकाने गोळी झाडली आणि दहा वर्षांच्या त्या सहली बंद पडल्या. देखावे पाहून माणूस परततो. माणसे भेटल्याखेरीज स्नेह जडत नाही, हाच याचा बोध.

काश्मीरचा दाखला अधिक जवळचा आणि अधिक वेदनादायक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरन येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले प्रवासी होते, तसाच एक स्थानिक घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात बंद पाळून या हत्याकांडाचा निषेध झाला. पर्यटनाने बंदुका थांबल्या नाहीत, हे उघड आहे. परंतु पाहुण्याच्या रक्ताने आपल्याच घराचा उंबरठा विटाळला, ही भावना तेथील सामान्य माणसांत उमटली, तीही नजरेआड करण्याजोगी नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर पर्यटन शांतता उत्पन्न करीत नाही. ते शांततेत हितसंबंध असलेली माणसे उत्पन्न करते. अंबाबाईच्या देवळाभोवती ओटीचे साहित्य विकणारी बाई, रिक्षावाला, खोल्या भाड्याने देणारा, खानावळवाला, चपलांच्या गल्लीतला दुकानदार, या सर्वांची चूल परगावच्या माणसावर पेटते. तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हा प्रश्न त्यांना परवडत नाही. मात्र येथेच एक विसंगती आहे. शांतता मोडण्याचा खर्च ती मोडणाऱ्याला सोसावा लागत नाही. दगड मारणारा घरी जातो, भाषण करणारा पुढच्या सभेला जातो. त्या दिवसाची कमाई बुडते ती फुलवालीची आणि रिक्षावाल्याची. ज्यांना किंमत मोजावी लागते त्यांना निर्णयात स्थान नाही आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना किंमत मोजावी लागत नाही. बाजारात असे घडले, तर त्याला व्यवहारातला दोष म्हणतात. सार्वजनिक जीवनात तो अन्याय ठरतो.

सीमेच्या दोन्ही बाजूंचा पोटापाण्याचा धागा किती घट्ट विणलेला आहे, याची साक्ष खुद्द कोल्हापुरी चपलेनेच द्यावी. २०१९ साली जाहीर झालेले तिचे भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. अथणीच्या कारागिराने शिवलेली चप्पल कोल्हापूरच्या दुकानात पुण्या-मुंबईचा प्रवासी विकत घेतो. सीमेवर गाडी थांबली की नुकसान दूधगंगेच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती, याची वाटणी करणे कोणालाही जमणार नाही.

अर्थात हितसंबंध असले म्हणजे सलोखा आपोआप टिकतो, असेही नाही. विशाळगडाचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. गडाचा इतिहास आठवत येणारे तरुण आणि तेथील दर्ग्याला येणारे दोन्ही धर्मांचे भाविक यांच्यावर अनेक कुटुंबांचा निर्वाह चालत असे. गडावरील अतिक्रमणांचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला; तो कायद्याच्या मार्गाने वेळीच सोडवला गेला नाही. १४ जुलै २०२४ रोजी त्याचा भडका उडाला आणि ज्यांचा त्या प्रश्नाशी संबंध नव्हता, अशा गजापूरच्या रहिवाशांची घरे व प्रार्थनास्थळ यांची मोडतोड झाली. त्यानंतर काही महिने गडाची वाट पर्यटकांना बंद राहिली. तंटा चिघळू द्यायचा आणि मग सलोख्याची जबाबदारी दुकानदारांवर टाकायची, हा न्याय नव्हे. शासनाने आपले काम वेळेवर केले, तरच प्रवासी आपले काम करू शकतो.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सीमाभागातील मराठी माणसाचा प्रश्न खरा आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मान्य केलेला नाही. मग यात्रा आणि सहलींचे गोडवे गाऊन या मागणीची धार बोथट करायची काय? याचे उत्तर असे की, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल कागदपत्रे व युक्तिवाद यांवर लागेल. एखाद्या बसची काच फुटल्याने त्या दाव्याला एकाही पुराव्याची जोड मिळत नाही. शिवाय गाड्या बंद झाल्या की सर्वांत आधी कोंडी होते ती बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी कुटुंबांची. शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी, लग्नकार्यासाठी त्यांना कोल्हापूर गाठायचे असते. ज्यांच्यासाठी लढा, त्यांचीच वाट अडवणे हे कोणत्या शहाणपणात बसते?

तेव्हा काही गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे कोल्हापूर व बेळगाव या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी यात्राकाळातील वाहतुकीविषयी कायमचा समझोता करावा. वातावरण तापले, तर गाड्या बंद करणे हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय असावा. त्याआधी बंदोबस्तात गाड्या सोडणे आणि अफवांचा तत्काळ खुलासा करणे हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे बांधील कर्तव्य ठरावे. दुसरी गोष्ट, शांतता समित्यांत केवळ पुढारी आणि प्रतिष्ठित नागरिक न बसवता रिक्षाचालक, फेरीवाले, यात्रीनिवासांचे चालक आणि चर्मकारागीर यांचे प्रतिनिधी घ्यावेत. शांतता मोडल्याची किंमत जे मोजतात, त्यांचा आवाज तेथे आधी ऐकला जावा.

तिसरी गोष्ट पाट्यांची. अंबाबाईच्या परिसरात मराठीबरोबर कानडीतही मार्गदर्शन असावे आणि सौंदत्तीला कानडीबरोबर मराठीतही. आपल्या भाषेचा अभिमान पाहुण्याच्या सोयीने कमी होत नाही; उलट आपल्या भाषेतली पाटी परमुलखात दिसली की त्या मुलखाविषयी मनात आपुलकी उपजते. चौथी गोष्ट महाविद्यालयांनी करायची आहे. शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ यांनी विद्यार्थ्यांच्या परस्पर सहली आखाव्यात. आणि त्या धर्मशाळेत उतरून परत येण्याच्या नसाव्यात, तर दोन दिवस एकमेकांच्या घरी राहण्याच्या असाव्यात. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे शिल्प आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी ही दोन्ही पाहिलेल्या विद्यार्थ्याला या भूमीचा इतिहास एकाच भाषेत मावत नाही, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळगडाला इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या बारांतला एक, जिंजीचा किल्ला, तामिळनाडूत आहे. मराठ्यांचा इतिहासही एका राज्याच्या हद्दीत सामावलेला नाही, हेच त्यातून दिसते. आता दूरदूरचे प्रवासी कोल्हापुरात येतील. त्यांच्यासाठी रस्ते रुंद होतील, निवास उभे राहतील, जाहिराती झळकतील. परंतु सातासमुद्रापलीकडच्या पाहुण्याचे स्वागत करू पाहणाऱ्या जिल्ह्याला शेजारच्या जिल्ह्यातून येणाऱ्या भाविकाची गाडी सुखरूप आणता येत नसेल, तर त्या स्वागताला अर्थ तो काय? येत्या मार्गशीर्षात दूधगंगेच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांतील माणसे निर्धास्तपणे जाऊन निर्धास्तपणे परतली, तर सीमाप्रश्न सुटला असे कोणी म्हणणार नाही. पण तो सोडवण्यास लागणारे शहाणपण दोन्ही तीरांवर शिल्लक आहे, एवढे मात्र सिद्ध होईल.