सल्ला मराठीत, विचारणा इंग्रजीत

किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर दूरध्वनी केला की शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर मिळते. 21 जानेवारी 2004 रोजी सुरू झालेली ही सेवा आज 22 भाषांत दिली जाते. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही असावा, हा दंडक तर 1971 च्या नियमांपासूनचा आहे. शेतकऱ्याला काही सांगायचे असते तेव्हा त्याची भाषा आपल्याला सापडते. त्याच्या शिवारातून कालवा, खाण किंवा वीज केंद्र जाणार असेल आणि त्याचे मत विचारायचे असेल, तेव्हा मात्र तीच भाषा आपल्याला अडचणीची वाटू लागते.

2020 सालचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा त्या वर्षी 11 एप्रिल रोजी केंद्रीय राजपत्रात प्रसिद्ध झाला. टाळेबंदीचे दिवस होते. हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत होती आणि मसुदा होता इंग्रजी व हिंदीत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 30 जून रोजी मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतील सर्व 22 भाषांत दहा दिवसांच्या आत अनुवाद करण्याचा आदेश दिला. राजभाषा कायद्यानुसार हिंदी आणि इंग्रजी एवढेच बंधन आहे, अशी केंद्राची बाजू होती. कायद्याच्या अक्षराला धरून पाहिले तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, आणि खरी चिंता तीच आहे. चूक कोणा अधिकाऱ्याच्या आळसाची असती तर ती दुरुस्त करणे सोपे होते.

आजही वेळोवेळी सुधारलेली 2006 ची अधिसूचनाच लागू आहे. तिच्यानुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. संपूर्ण अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असतो. सारांशात प्रकल्पाची क्षमता, गुंतवणूक आणि रोजगार हे सारे असते. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती आतल्या पानांत दडलेली असते. पाण्याचे नमुने कोणत्या विहिरींचे घेतले? कोणत्या महिन्यात घेतले? पिकांच्या यादीत आपल्या भागातली तूर आहे की नाही? ही पाने वाचता आली नाहीत, तर सुनावणीत माणूस फक्त विरोध किंवा पाठिंबा व्यक्त करू शकतो. मोजमापात चूक आहे, असे तो म्हणू शकत नाही. याउलट 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या सहाव्या कलमानुसार सामाजिक आघात अभ्यासाचा अहवालच स्थानिक भाषेत पंचायतीला उपलब्ध करून द्यावा लागतो. जमीन जाणार असेल तर अहवाल मिळतो आणि पाणी बिघडणार असेल तर सारांशावर समाधान मानावे लागते, हा भेद मला कधीच पटलेला नाही.

अनुवाद झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात पाणलोट आराखड्याच्या वाचनास मी उपस्थित होतो. आराखडा रीतसर मराठीत होता. ‘अपधाव नियंत्रणार्थ प्रस्तावित संरचना’ या शब्दांवर कोणी मान वर केली नाही. एका वृद्ध शेतकऱ्याने शेवटी विचारले, “बांध म्हसोबाच्या ओढ्यावर की खालच्या?” नकाशावर ओढ्यांना नावे नव्हती, क्रमांक होते. आम्ही सगळे उठून शिवारफेरीला गेलो, तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. दोन बांधांच्या जागाही बदलल्या. भाषा म्हणजे केवळ शब्द नव्हेत. गट क्रमांक, ओढ्याचे नाव, पांदण रस्ता हीच गावाची नियोजनाची भाषा असते. 2022 पासून उपलब्ध असलेली ‘भाषिणी’सारखी यंत्र-अनुवादाची साधने पहिला खर्डा करून देतील, पण म्हसोबाचा ओढा त्यांना ठाऊक नाही.

शिवाय 22 भाषांच्या यादीत कोरकू, गोंडी, भिली येत नाहीत. ओडिशातील नियमगिरी येथे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या, तेव्हा डोंगरिया कोंध लोक आपल्या भाषेतच बोलले आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तिथल्या कुवी भाषेचेही नाव आठव्या अनुसूचीत नाही. मेळघाटात काम करणाऱ्या सहकाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथे मराठीतला अहवालसुद्धा अनेकांना परकाच असतो.

विस्तार कार्यकर्त्याने यात पडावे का, असा प्रश्न नेहमी येतो. नोकरीच्या मर्यादा आहेत, आणि बाजू घेतल्याचा ठपका बसण्याची भीती खोटी नाही. परंतु अहवालात काय आहे हे समजावून सांगणे वेगळे आणि मत बनवून देणे वेगळे. माती परीक्षणाचा अहवाल आपण शेतकऱ्याला वाचून दाखवतोच. तसाच हाही. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या काळात कृषी सहायक, एखादा प्रगतिशील शेतकरी आणि गावातला पदवीधर मुलगा यांनी बसून दोन पाने तयार करणे अशक्य नाही. वर हरकतीची शेवटची तारीख, खाली बाधित गट क्रमांक, विहिरी आणि ओढे गावच्या नावांनी. लेखी हरकत मराठीत देता येते, हेही अनेकांना माहीत नसते. ती द्यावी आणि पोच घ्यावी.

आणखी एक तरतूद फारशी वापरली जात नाही. सुनावणीच्या अखेरीस नोंदवलेले मुद्दे उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावे लागतात, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होते. आपला मुद्दा बरोबर उतरला आहे की नाही, हे तपासण्याची संधी तेव्हाच मिळते. बहुतेक लोक मात्र तोवर दुपारच्या एस.टी.ने घरी निघालेले असतात. गावातील चार-पाच जणांनी तरी शेवटपर्यंत थांबायचे, हे आधीच ठरवून जावे.