विश्रांतीचा हक्क आणि अटलांटाचा धडा

नोव्हेंबर २०२४ मधील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कमला हॅरिस यांचा पराभव झाला. मतदानोत्तर चाचण्यांनुसार कृष्णवर्णीय महिला मतदारांपैकी सुमारे ९० टक्के महिलांनी त्यांना मत दिले होते. निकालानंतरच्या आठवड्यांत याच महिलांमधून एक अनपेक्षित सूर उमटला. यापुढचे मोर्चे इतरांनी काढावेत, दारोदार प्रचार इतरांनी करावा. आपण काही काळ विश्रांती घेणार, असे अनेक जणींनी जाहीरपणे सांगितले. साहजिकच त्यावर टीकाही झाली. देश कठीण वळणावर असताना लढ्यातील सर्वांत विश्वासू फळीने बाजूला बसणे म्हणजे रणांगण सोडणे नव्हे काय, असा प्रश्न विचारला गेला.

हा प्रश्न वरवर राजकीय वाटला, तरी त्याचे मूळ शरीरात आहे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या २०१४ च्या पाहणीनुसार रात्री किमान सात तास झोप मिळणाऱ्या प्रौढांचे प्रमाण श्वेतवर्णीयांत ६६.८ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ५४.२ टक्के होते. कृष्णवर्णीय प्रौढ महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणी उच्च रक्तदाबाने ग्रस्त आहेत. २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण श्वेतवर्णीय महिलांत १४.५, तर कृष्णवर्णीय महिलांत ५०.३ होते. गरिबी आणि अज्ञान हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण असते. पण ते येथे अपुरे पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच केंद्राच्या विश्लेषणात पदवीधर कृष्णवर्णीय महिलांमधील गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण, शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या श्वेतवर्णीय महिलांच्या १.६ पट आढळले होते.

मिशिगन विद्यापीठातील संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये या कोड्याचे एक उत्तर मांडले. श्वेतवर्णीय मातांच्या बाबतीत विशीतील बाळंतपण हे किशोरवयातील बाळंतपणापेक्षा सुरक्षित ठरते. कृष्णवर्णीय मातांची अर्भके मात्र आई किशोरवयीन असताना अधिक जगतात, आई विशीत गेल्यावर कमी, असे त्यांना आढळले. ऊन-पावसाने घराच्या भिंती झिजाव्यात तसे सततच्या भेदभावाने आणि ताणाने शरीर अकाली झिजते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तारुण्यात वाढायला हवी ती ताकद येथे तारुण्यातच ओसरू लागते. हा सिद्धांत आरंभी वादग्रस्त ठरला. आज सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत तो टाळून पुढे जाता येत नाही.

ही झीज नशिबाने आलेली नाही. गुलामगिरीत स्त्रीच्या श्रमावर आणि तिच्या अपत्यांवरही मालकाचा हक्क होता. गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रीला प्रामुख्याने दोनच कामे उपलब्ध होती : शेतमजुरी आणि गोऱ्या कुटुंबांतील घरकाम. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाची सोय केली. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला दिला. पण मूळ स्वरूपात दोन्ही कायद्यांनी शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले होते. म्हणजे अमेरिकी कामगाराला कामाच्या तासांची मर्यादा मिळाली, तेव्हा बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया त्या मर्यादेबाहेरच राहिल्या. विश्रांती नाकारण्याचे काम येथे कायद्याने केले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

या अन्यायाला मिळालेल्या उत्तराचा इतिहास अटलांटा या एकाच शहरात सलग वाचता येतो. १८८१ च्या उन्हाळ्यात तेथील वीस धोबिणींनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली, दर वाढवून मागितला आणि संप पुकारला. काही आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या तीन हजारांवर गेली. १९६८ मध्ये त्याच शहरात डोरोथी बोल्डन यांनी घरकामगार महिलांची राष्ट्रीय संघटना उभारली. बोल्डन स्वतः वयाच्या नवव्या वर्षापासून घरकामाला लागलेल्या. पहाटे कामावर जाणाऱ्या बायका ज्या बसगाड्यांत भेटत, तेथेच त्यांनी संघटनेचा प्रचार केला. सभासद होण्यासाठी त्यांची एक अट होती : मतदार म्हणून नाव नोंदवलेले असले पाहिजे. हातातील काम थोडे हलके व्हावे, ही मागणी आणि मताचा अधिकार या दोन गोष्टी बोल्डन यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्याच.

१९८३ मध्ये अटलांटातीलच स्पेलमन महाविद्यालयात बिली एव्हरी यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय महिलांच्या आरोग्यावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या कार्यात औषधांपेक्षा बोलण्याला आधी स्थान होते. स्वमदत गटांत शेजारपाजारच्या बायका वर्तुळात बसत आणि रक्तदाब, मारहाण, बाळंतपण, एकटेपणा यांविषयी आयुष्यात पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलत. सोसणे हाच आपला स्वभावधर्म, ही समजूत तेथे सैल होई. २०१० मध्ये टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हॅनेसा गॅरिसन यांनी सुरू केलेल्या ‘गर्लट्रेक’ने हेच सूत्र रस्त्यावर आणले : रोज अर्धा तास चाला, जमेल तेव्हा सोबतीने चाला. दहा वर्षांत त्या उपक्रमातील महिलांची संख्या दहा लाखांवर गेली. २०१६ मध्ये पुन्हा अटलांटातच ट्रिशिया हर्सी यांनी ‘नॅप मिनिस्ट्री’ स्थापन केली. सार्वजनिक जागी चटया-उशा मांडून सामूहिक झोपेचे कार्यक्रम त्या घेऊ लागल्या, तेव्हा अनेकांना तो विनोद वाटला. ज्यांच्या पूर्वजांची झोपच हिरावून घेतली गेली, त्यांनी झोपणे हाच प्रतिकार, ही त्यांची भूमिका होती. २०२२ च्या त्यांच्या पुस्तकाने ती अमेरिकाभर पोहोचली.

अर्थात, येथे एक धोका आहे. विश्रांतीचा शब्द बाजाराने चटकन उचलला. सुगंधी मेणबत्त्या, महागडी आरामगृहे, ध्यानाचे सशुल्क वर्ग असे त्याचे रूप झाले की ती पुन्हा परवडणाऱ्यांची चैन ठरते. एव्हलिन कोक यांचा दावा या संदर्भात आठवावा. जमैकाहून आलेल्या कोक न्यूयॉर्कमध्ये वृद्ध आणि आजारी माणसांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करीत. जादा तासांच्या मोबदल्यासाठी त्या न्यायालयात गेल्या. १९७४ मध्ये घरकामगार वेतन कायद्याखाली आले होते. परंतु वृद्धांना ‘सोबत’ देणाऱ्यांना त्यातून वगळले होते. त्याच आधारावर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कोक यांच्या विरोधात निकाल दिला. ओबामा प्रशासनाने २०१३ मध्ये नियम बदलला आणि २०१५ पासून अशा बहुसंख्य कामगारांना संरक्षण मिळाले. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हे संरक्षण मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. इतरांना निवांत झोप मिळावी म्हणून रात्र जागवणाऱ्या स्त्रीला विश्रांतीचा उपदेश करून काय साधणार?

त्यात नोकऱ्यांचे संकट आले. मार्च २०२५ मध्ये कृष्णवर्णीय महिलांतील बेकारीचे प्रमाण ५.१ टक्के होते. ऑगस्टमध्ये ते ६.७ टक्क्यांवर गेले. बेकारीने मिळालेली सक्तीची सवड म्हणजे विश्रांती नव्हे. जिच्या डोक्यावर घरभाडे आणि वैद्यकीय विम्याची चिंता आहे, तिला रिकामा दिवसही झोप देत नाही. अमेरिकेत पगारी आजारपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने पात्र कामगारांना मिळणारी बारा आठवड्यांची कौटुंबिक रजा बिनपगारी आहे. बाळंतपणानंतर महिनाभरात कामावर परतणे ज्यांना भाग पडते, त्यांच्यासाठी प्रश्न मनोवृत्तीचा नसून रजेचा आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून दिली. आज सर्वांना सहज वाटणारा रविवार कोणा दयाळू मालकाची देणगी नाही, तो चळवळीने मिळवलेला आहे. मात्र गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी त्या दिवशीही घरातील चूल थांबली नाही, ही त्या विजयाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी.

म्हणूनच २०२४ नंतर विश्रांतीची भाषा बोलणाऱ्या महिलांवर पलायनाचा आरोप करणे अन्यायाचे आहे. मिसिसिपीतील मताधिकाराच्या लढ्यात अग्रभागी राहिलेल्या फॅनी लू हेमर १९७७ मध्ये अवघ्या ५९ व्या वर्षी गेल्या. कर्करोग आणि उच्च रक्तदाब या दोहोंनी त्यांचे शरीर पोखरले होते. चळवळ आपल्या सर्वांत कष्टाळू माणसांना असे खर्चून टाकत असेल, तर तो त्या चळवळीचाही पराभव असतो. त्याच वेळी, एकेकीने आपापल्या घरी दार लावून घेतलेली विश्रांती फार काळ टिकणार नाही, हेही खरे. १८८१ च्या धोबिणी, बोल्डन यांची संघटना, एव्हरी यांची वर्तुळे आणि सोबतीने चालणाऱ्या लाखो जणी यांचा धडा एकच आहे : विश्रांती एकमेकींच्या आधाराने घ्यायची असते आणि कायद्याने पक्की करायची असते. अमेरिकेचे राजकारण या महिलांच्या मतांवर हक्क सांगते. त्यांच्या झोपेची जबाबदारी ते कधी घेणार, हा खरा प्रश्न आहे.