ताटल्यांची चळत

जपानात सुशीच्या दुकानात सहकुटुंब जेवायला जाणे ही एके काळी पगारदाराला न परवडणारी गोष्ट होती. काऊंटरमागे आचारी उभा, भिंतीवरच्या पाटीवर माशाचे नाव. पण पुष्कळदा भाव लिहिलेला नसे. तो त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून. पोराने दुसऱ्यांदा मागितले की बापाच्या घशात घास अडकायचा!

ही अडचण दूर केली ओसाकाच्या योशिआकी शिराइशी या सुशीवाल्याने. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ती सुचली आणि १९५८ साली त्यांनी सरकत्या पट्ट्याचे पहिले दुकान काढले. ताटलीच्या रंगावरून भाव ठरलेला; शेवटी रिकाम्या ताटल्यांची चळत मोजायची की झाले बिल. बँकेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला या हिशेबाचे कौतुक वाटणारच. पण खरी गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे. मुलाने हात पुढे करण्याआधीच आईला किंमत कळलेली असते. कोणाला काही विचारावे लागत नाही, म्हणून लाजावेही लागत नाही. आजोबांनी कच्चा ट्यूना घ्यावा, आजीने काकडीची गुंडाळी, नातवाने मक्याचे दाणे नि मेयोनीज घातलेली सुशी आणि वर पुडिंग! जाणकारांनी नाके मुरडली. मुरडोत बापडे.

सोया सॉसची बाटली, आल्याच्या कापांचा डबा, चहाचे पेले, सारे टेबलावर उघडे. राखण कोणाचीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये एका तरुणाने अशी बाटली चाटली, थुंकी लावलेले बोट समोरून जाणाऱ्या सुशीला लावले आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. कंपनीने सुमारे ६ कोटी ७० लाख येनचा दावा लावला. पुढे तडजोड झाली. टॅब्लेटवरून मागवण्याची सोय आधीपासून होती. आता अनेक ठिकाणी पट्ट्यावर मोकळ्या ताटल्या फिरतच नाहीत. बँकेतही असेच होई. एकाने अफरातफर करावी आणि हजार प्रामाणिक खातेदारांना एका सहीच्या जागी तीन सह्या कराव्या लागाव्यात!

कंपन्यांना दोष देता येत नाही; उष्टे कोण खाईल? मागवलेली ताटली आता थेट टेबलापाशी येऊन थांबते. फक्त पडद्यावर काकडीची गुंडाळी कुठे आहे, हे आजीला नातवाला विचारावे लागते आणि त्याचे पुडिंग संपेपर्यंत थांबावे लागते.